मोरस बेटावर ठेवून आलेलं नाव

इसवी सन अठराशे चौऱ्यायशी. त्या साली दिवाळीत मला साठ वर्षं पुरी झाली आणि मार्गशीर्षात मी मोरस बेटाला जायला निघालो. वाण्याकडून पांढरी साखर आणली की आमच्याकडे तिला मोरस म्हणतात, पण ती जिथून येते ती जागा आमच्या गावात कोणी पाहिलेली नव्हती. एकच माणूस तिकडे गेला होता आणि तो परत आला नव्हता. तो माझा धाकटा भाऊ म्हादू. त्याला घरी आणायला मी गेलो. जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे. अक्षर माझं आहे, म्हातारपणी शिकलेलं. शुद्ध-अशुद्ध शाळेच्या मास्तरांनी पाहिलं, मजकुराला मी हात लावू दिला नाही.

आमचं गाव

डोंबिवलीच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. आगगाडी आमच्या शेतांच्या कडेनं धावते पण थांबत नाही. गाडी धरायची तर कल्याणला किंवा ठाण्याला चालत जायचं. पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात मीठ, एवढंच आमचं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून, म्हणजे चौकोनी वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवून तापवायचं, मीठ धरलं की फळीनं ओढून ढीग घालायचे. सगळा जीव बांधात. बांध गेला की साल गेलं.

सत्तावन्नच्या बंडाच्या पुढल्या साली आमचा बांध गेला. बाप म्हणाला, उधाणाच्या वेळी तू बांधावर नव्हतास. मी होतो. पण त्याला ते पटेना, आणि एक गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही. त्या रागात मी कल्याणला गेलो आणि मोरसला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या कागदावर सही करून आलो. पाच वर्षांचा करार. माझ्याबरोबर आणखी नऊ जण होते. कारकुनानं एकेकाचं नाव लिहिलं आणि पुढं ज्यानं त्यानं नांगर काढला. आमच्या शेतकरी लोकांत ज्याला अक्षर येत नाही तो सहीच्या जागी नांगराचं चित्र काढतो, तीच त्याची निशाणी.

मी नांगर काढला नाही. लहानपणी एका पावसाळ्यात कुलकर्ण्यांच्या ओटीवर बसून मी माझं नाव मोडीत गिरवलं होतं. 'रामा वल्लद गोविंद', म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. त्यापलीकडे एक अक्षर मला येत नव्हतं, पण तेवढं मी असं लिहायचो की कारकून मान वर करून बघायचा. मोडीत रेघ आधी ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. माझी रेघ नेहमी लांब व्हायची, आणि टोकाला मी तिला खाली वाकवायचो, उघाडीपाशी, पाणी आत घ्यायच्या दारापाशी, बांधाला वळण देतात तशी. गावात सही करणारा मी एकटा. त्याचा मला ताठा होता, आणि तो मी लपवत नसे.

निघायच्या दिवशी मला हिवताप चढला. मुकादमाचा माणूस दारात उभा. कागदावर नाव आहे, त्या नावाचा माणूस आला पाहिजे, यापुढं तो काही ऐकेना. म्हादू तेव्हा बावीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. तो उठला.

"मी जातंय दादाच्या नावानं," तो म्हणाला. "पाच सालं तर हाईत."

माझा कागद त्यानं कमरेला खोवला आणि माझा निरोप घेऊन गेला. मी डोळे मिटून पडलो होतो.

पुढची गोष्ट मी सव्वीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. तो निघाला त्याच्या आधीच माझा ताप उतरला होता. घाम सुटून अंग मोकळं झालं होतं. मी गोधडीतून बाहेर आलो नाही.

पाच वर्षं झाली, दहा झाली. बाप गेला. मिठागरातल्या निम्म्या कोंड्या मी म्हादूच्या म्हणून वेगळ्या ठेवल्या. त्या मी पिकवायचो, पण गावात त्यांना आजही म्हादूच्या कोंड्या म्हणतात, कारण मी दुसरं काही म्हणू दिलं नाही.

कल्याण

कल्याणला हसनमियां म्हणून तांदळाचे व्यापारी होते. त्यांच्या मेहुण्याचं मोरसला, पोर्ट लुई बंदरात, धान्याचं दुकान. त्या मेहुण्याकरवी मी म्हादूला निरोप धाडला होता की मी येतो आहे, तयारीत राहा. त्याचं उत्तर आलं म्हणून हसनमियांनी मला बोलावून घेतलं. तांदळाच्या गोणींवर बसून त्यांनी ते वाचून दाखवलं.

पत्रात लिहिलं होतं: दादास दंडवत. मी खुशाल आहे. इथं मी रामा आहे हे तू जाणतोसच. येऊ नकोस. आलासच तर म्हादू होऊन ये.

हसनमियांनी पत्राची घडी घातली. "रामाभाऊ, त्यानं सांगितलंय तसं कर. जहाजाच्या यादीत म्हादू म्हणून घाल. नावाला काय वजन असतं?"

"वजन नाय तर बदलायचं कशाला?"

"अरे, तिथं प्रत्येक माणसाचा कागद आहे. तुझ्या नावाचा माणूस तिथं आधीच आहे."

"तो माझ्या नावाचा हाय. मी माझा हाय."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे पाटा घासणं," ते म्हणाले आणि नोकराला हाक मारून मला शिरखुर्म्याची वाटी द्यायला सांगितली. मी ती घेतली नाही, कारण मला राग आला होता. आता वाटतं, घ्यायला हवी होती. त्या माणसानं माझं भलंच चिंतलं होतं.

मुंबई आणि समुद्र

मिठागर मुलावर सोपवून निघताना मी भावासाठी आमच्या मिठाची एक पोटली घेतली होती. मुंबईत गोदीच्या नाक्यावर शिपायानं ती उघडली.

"परवाना?"

आमच्याकडं हे रोजचंच. मीठ आम्ही पिकवायचं, पण कोंडीवरून हलवायचं तर सरकारचा कागद पाहिजे. मी म्हणालो, "घरचं हाय. भावाला नेतो. मोरसला."

त्यानं पोटली हातावर तोलली, माझ्याकडं पाहिलं, आणि परत बांधून दिली. "जा म्हातारबा. एवढ्यानं समुद्र काही खारट व्हायचा नाही."

मिठाला परवाना लागतो हे मी जन्मभर पाहिलं होतं. माणसालाही लागतो हे मला जहाजाच्या कचेरीत कळलं. नाव, बापाचं नाव, गाव, वय. कारकुनानं दौत पुढं करून विचारलं, "नांगर ना?" मी म्हणालो, "नाय," आणि रेघ ओढून सही केली. रामा वल्लद गोविंद. हसनमियांचं सांगणं माझ्या डोक्यात होतं. पण मी असताना माझं नाव दुसऱ्यानं वापरायचं आणि मी चोरासारखं त्याचं घ्यायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरेना.

जहाज शिडाचं, तांदूळ भरलेलं. तीसच्या वर दिवस लागले. सांगण्यासारखं थोडंच. माझं मडकं वेगळं, माझी चूल वेगळी. सुकट भाजायला लागलो की गुजराती प्रवासी नाकाला उपरणं लावायचे आणि मी मुद्दाम जास्त भाजायचो. एकदा मोठ्या लाटेनं माझं मडकं फुटलं. तीन दिवस कोरड्या भाकरीच्या तुकड्यांवर काढले, पण कोणाकडं मागितलं नाही. चौथ्या दिवशी एका बोहऱ्यानं न विचारता माझ्यापुढं तांब्याचं पातेलं ठेवलं आणि निघून गेला. उतरताना मी ते घासून त्याला परत केलं. 

मी जन्म खाडीकाठी काढला, पण पाण्याला दुसरा काठ नसतो हे तिथं पाहिलं. आमची खाडी दिवसातून दोनदा घरी परत येते. हे पाणी नुसतं जातच राहतं.

पोर्ट लुई

बेट दिसलं तेव्हा आधी डोंगर दिसले. आमच्या मलंगगडासारखे तुटलेले, टोकदार, पण पायथ्यापासून वरपर्यंत हिरवे. बंदरात गोरे, काळे, चिनी, मद्रासी, सगळे एका भाषेत बोलत होते आणि त्यातलं मला काही कळत नव्हतं. दगडी पायऱ्या चढून वर कचेरी. तिथं एक दुभाषी भेटला, राजापूरकडचा, कोट घातलेला, मिशा पांढऱ्या. त्यानं मराठीत विचारलं तेव्हा मला रडूच येत होतं, पण मी ताठ उभा राहिलो.

"बाबा, कोण म्हणून आलात?"

"कोण म्हणजे? माणूस म्हणून."

तो हसला नाही. "इथं माणसाचे प्रकार असतात. करार करून आलेला, तो पाच वर्षं उसाच्या मळ्याला, म्हणजे कोठीला, बांधलेला. करार सरला की जुना. त्याला तसबीर डकवलेलं तिकीट मिळतं, ते खिशात नसेल तर पोलीस रस्त्यातून उचलतो. तिसरा तुमच्यासारखा, आपल्या खर्चानं आलेला, त्याला पास. आणि एक चौथा. ज्याची स्वतःची जमीन झाली तो. त्याला सहसा कोणी हटकत नाही."

"आणि घरी जायचं असलं तर?"

"तर तिकीट परत करायचं आणि जायचं. पुन्हा यायचं तर पहिल्यापासून."

मी नाव सांगितलं. त्याची लेखणी क्षणभर थांबली असं मला वाटलं, पण त्यानं लिहिलं. पासवर मी सही केली. त्यानं ती एकदा वाचली, मग माझा चेहराही वाचला असावा, आणि म्हणाला, "जपून राहा, बाबा."

म्हादूचं घर

कोठीपर्यंत बैलगाडीनं अर्धा दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, माणसापेक्षा उंच, आणि शेतांत जागोजागी काळ्या दगडांचे ढीग. जमीन करायची म्हणून आमच्याच लोकांनी एकेक दगड उचलून ते रचलेले. आम्ही मिठाचे ढीग घालतो, ते पावसाच्या आधी उचलले जातात. हे ढीग कोणी उचलणार नाही.

घर गवतानं शाकारलेलं, अंगणात तुळस आणि पुढं एक लाल निशाण. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. माझ्या मागून, उसातून, एक माणूस डोक्यावर भारा घेऊन आला. केस पिकलेले, एक पाय ओढत होता. चालण्यावरून मी ओळखलं.

"म्हादू!" मी हाक मारली.

त्या बाईनं मागं वळून पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून. तिनं हे नाव कधी ऐकलंच नव्हतं.

म्हादूनं भारा खाली टाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ त्यानं ते उचललं नाही. मग म्हणाला, "दादा, आयलास. सांगितलं तरी आयलास."

ती त्याची बायको, गंगा. तिचे आईबाप रत्नागिरीकडचे, ती जन्मली मोरसला. वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं खरं नाव तिला त्या दुपारी कळलं.  ती पदर पुढं ओढून आत गेली आणि भांडी जरा जोरात वाजली. त्यांची एकच मुलगी, चंद्रा, सतरा वर्षांची, ती आईकडं बघायची आणि माझ्याकडं बघायची.

जेवायला भात आणि मसुराची डाळ. तिथं सगळे भातच खातात, तांदळाची भाकरी विसरलेले. मी पोटली सोडून चिमूटभर मीठ म्हादूच्या पानात वाढलं. त्यानं ते बोटानं चाखलं. कुठल्या कोंडीचं ते त्यानं बरोबर सांगितलं.

"तुझ्याच," मी म्हणालो. "निम्म्या कोंड्या तुझ्या राखल्यात. चल घरी."

तो मान खाली घालून जेवत राहिला. गंगा दारामागून म्हणाली, "भावजी, तुम्ही यांना न्यायला आलात काय?"

"हो."

"मग आम्हाला कोणाच्या नावावर ठेवून जाणार?"

 मग म्हादूनं सगळं सांगितलं. कोठीचा मालक जमिनीचे तुकडे करून विकत होता. म्हादूनं दोन तुकडे ठरवले होते, ओढ्याला लागून. येत्या सोमवारी दस्त व्हायचा होता, रामा वल्लद गोविंद या नावानं, कारण तिकिटावर, लग्नाच्या नोंदीवर, चंद्राच्या जन्माच्या नोंदीवर, सगळीकडं तेच नाव. जमीन झाली की तिकिटाचा काच सुटणार होता. चंद्रा जन्मभर कोणाची बांधील राहणार नव्हती.

"अन् नाव खोटं हाय असं निघालं तर?" मी विचारलं.

"तर जमीन जाईल. माझं तिकीट पन जाईल. गंगीचं लगीन पन कुनाशी झालं ते कलायचं नाय." तो थांबला. "म्हनून लिवलेलं, म्हादू होऊन ये. तू यादीत काय नाव घातलंस, दादा?"

मी सांगितलं. सही केली तेही सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला नाही, ओरडला नाही. पानातलं मीठ बोटानं गोळा करत राहिला.

रस्त्यावर

मला वाटलं, मी घरात गप बसून राहीन आणि सोमवार निघून जाईल. पण गप बसणं मला कधी जमलं नाही. शुक्रवारी सकाळी मी समुद्राकडं मिठागरं आहेत असं ऐकून एकटाच बघायला निघालो. मिठागरं पाहिली. दगडी चौकोन, पाणी उथळ, मीठ जाड आणि कडवट. आमच्यापुढं काहीच नाही, असं मी तिथल्या माणसाला हातवारे करून सांगितलं. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो रागावला.

परत येताना शिपायानं अडवलं. "तिकीट?" मी पास दाखवला. त्यानं नाव वाचलं, मग आणखी एकदा वाचलं. हा शिपाई म्हादूच्याच कोठीकडचा होता आणि रामा वल्लद गोविंद त्याच्या ओळखीचा होता. मला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळी म्हादू येऊन मला घेऊन गेला, पण निरोप मिळाला होता: शनिवारी दुपारी दोघांनी बंदराच्या कचेरीत हजर व्हायचं.

पहाटे आम्ही निघालो. उसातून वाट, दव पडलेलं. म्हादू पुढं, पाय ओढत, मी मागं.

"दादा," तो न वळता म्हणाला, "तिथं तुना सांगायचं ते सांग. नाव तुझं हाय. मी काय बोलनार नाय."

"तू का गेलास रे तवा? मुकादमाला सांगितलं असतंस, चार दिसांनी येईल. मना ताप होता."

तो थांबला. वळला नाही.

"जाताना गोधडीत हात घालून तुझ्या कपालाला हात लावलेला मी," तो म्हणाला. "थंड होतं."

मग तो चालायला लागला. मीही चाललो.  आजही कधी बांधावरून एकटा चालत असलो की मला पुढं ते पाय ओढत चालणं ऐकू येतं.

कचेरी

साहेबाच्या टेबलावर तीन कागद होते. म्हादूचं तसबिरीचं तिकीट, मी आणलेला पास, आणि एक जुना, कडा खाल्लेला कागद. तो मी लांबूनच ओळखला. कल्याणला मुकादमानं पुढं केलेला, म्हादूनं जपून ठेवलेला करार. खाली माझी सही, लांब रेघ, टोकाला वळण.

दुभाषी म्हणाला, "साहेब विचारतात, नाव एक, बाप एक, गाव एक. दोघांतला रामा कोण?"

म्हादू भिंतीकडं बघत होता. त्यानं दिलेला शब्द पाळला, तो काही बोलला नाही. मी आयुष्यात कोणापुढं वाकलो नव्हतो. बापापुढं नाही, जातीच्या पंचांपुढं नाही. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. थोडी खारी जमीन आणि ते नाव.

"हा रामा," मी म्हणालो. "मी म्हादू. धाकटा."

म्हादूनं झटकन माझ्याकडं पाहिलं. दुभाष्यानं लगेच साहेबाला सांगितलं नाही. शाई पुढं सरकवायच्या निमित्तानं तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "बाबा, विचार करा. हे मागाहून पुसता येत नाही."

"सांगा त्यांना," मी म्हणालो.

साहेब काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाला, "साहेब म्हणतात, धाकट्याचे केस जास्त पांढरे कसे?"

"मिठागरात तीस उन्हाळे उभं राहून बघा म्हणावं."

मग साहेबानं दोघांपुढं कोरा कागद ठेवला. आधी म्हादू. त्यानं टाक घेतला आणि सगळ्यात आधी रेघ ओढली. लांब. टोकाला खाली वाकवली. मग एकेक अक्षर तिला टांगलं. रामा वल्लद गोविंद. मी बघत राहिलो. माझा कागद कमरेला लावून तो गेला होता, आणि सव्वीस वर्षं माझ्या सहीवरून बोट फिरवून त्यानं ती शिकली होती. माझ्याहून ती त्याची जास्त सुबक होती. साहेबानं करार तिच्याशेजारी धरला आणि मान हलवली.

मग मी.

"मला अक्षर येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो.

"मग पासवरची ही सही? मुंबईच्या यादीतली?"

"दुसऱ्यानं करून दिली. मी भावाचं नाव घेऊन आलो. भावाचं नाव सांगितलं तर उतरू देतील असं वाटलं."

मी टाक घेतला आणि नांगर काढला. मी कधी काढला नव्हता. माझ्या गावची अडाणी माणसं एका फटक्यात काढतात. माझा वाकडा आला, हातात धरायचं रुमणं राहूनच गेलं. दुभाष्यानं तो पाहिला. नांगर म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, आणि असा नांगर कोणी शेतकरी काढत नाही हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं कागदावर वाळू टाकली आणि साहेबापुढं सरकवला.

खोटं नाव सांगितलं म्हणून हुकूम झाला: पहिल्या जहाजानं परत, तोवर बंदरातल्या छपरीत राहायचं, पुन्हा या बेटावर यायचं नाही.

म्हादू दारात माझ्या पायाशी बसला. "दादा, तू मना न्यायला आयलेलास."

"रामाला कोन नेतो?" मी म्हणालो. "रामा हितलाच हाय."

छपरीत अकरा दिवस होतो. गंगा आणि चंद्रा एकदा येऊन गेल्या. गंगेनं तांदूळ दळून भाकरी केल्या होत्या, जाड, कडेला करपलेल्या. कशी करायची ते तिनं म्हादूला विचारून घेतलं होतं. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "म्हादू भावजी, सांभाळून जा." नावावर जरा जोर देऊन म्हणाली. मी आशीर्वाद दिला.

म्हादू मात्र चार-दोन दिवसांनी यायचा. एकदा मंगळवारी आला तेव्हा त्यानं सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. खिसा रिकामा होता.

"तिकीट घरी ठिवून आयलो," तो म्हणाला. "सगला रस्ता. शिपाई भेटला, त्यानं रामराम केला."

दस्त झाला होता.

निघताना मी त्याला घरच्या कोंड्यांचं विचारलं नाही. त्यानंच विचारलं, "माझ्या कोंड्यांचं काय करशील?"

"तुझ्या कसल्या? म्हादूच्या हाईत त्या," मी म्हणालो. "म्हादू पिकवील."

तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

परत

उलट्या वाऱ्यानं खोळंबत वैशाखात मुंबई. तिथून कल्याणपर्यंत गाडी, पुढं पायी. त्या साली पहिल्यांदाच आमचं मीठ माझ्याशिवाय पिकलं होतं आणि माझ्या मुलानं ते बरं पिकवलं होतं, याचा मला थोडा रागही आला. कल्याणला हसनमियांकडं गेलो. त्यांनी मला परत धाडल्याचा कागद वाचला, त्यावरचं नाव वाचलं, खालचा नांगर पाहिला. शिरखुर्मा आणायला सांगितला. या वेळी मी खाल्ला.

गावात तिन्हीसांजेला पोचलो. ओटीवर माणसं जमली. म्हादू कुठं, म्हणून सगळ्यांनी विचारलं. सुखात आहे, मुलगी आहे, ओढ्याकाठी जमीन आहे, एवढं सांगितलं. पंचांतला एक जण म्हणाला, समुद्र ओलांडून आलास, प्रायश्चित्त घ्यावं लागेल.

"कागद बघा," मी म्हणालो. "म्हादू गेला, म्हादू आला. मी घरीच होतो."

त्यांना वाटलं प्रवासानं माझं डोकं फिरलं. पण मी सव्वीस वर्षांत बोललो नव्हतो इतकं खरं बोललो होतो. मी घरीच होतो. गोधडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून गावच्या शाळेत गेलो. मास्तर परगावचे, तरुण, नुकतेच आलेले. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो.

"बाबा, कोणाला घालायचंय शाळेत?"

"मना. एक नाव शिकवा."

"कोणतं?"

"म्हादू वल्लद गोविंद."

त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि सरकारी शाळेत शिकवतात तसं, आधी अक्षरं काढायला सुरुवात केली. रेघ मागून द्यायची. पहिलं अक्षर अर्धं झालं असेल. मी पाटी त्यांच्या हातातून घेतली, तळहातानं पुसली, आणि आधी रेघ ओढली.